काकांचा सेट अजून प्लगला लावू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी सावईवेऱ्याला राहते आणि फोंड्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. माझे थोरले काका तारवटी होते, बोटीवर रेडिओ ऑफिसर. निवृत्त झाल्यावर घरी बसून हॅम रेडिओ, म्हणजे हौस म्हणून परवान्याने चालवायचा रेडिओ, चालवायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. परवा माळा साफ करताना त्यांचा सेट मिळाला. येसू कंपनीचा एफटी-१०१, सोबत मोर्सची (टिंब-रेघांचे संदेश पाठवायची) की, मायक्रोफोन आणि क्यूएसएल कार्डांनी, म्हणजे हवेवर बोलणं झाल्याच्या पोचपावत्यांनी, भरलेला बिस्किटांचा डबा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज गेली, मागोमाग मोबाइलही गेले. घरात असं काहीतरी हवं, हे तेव्हापासून मनात आहे. सेट चालू करून बघू का? परवाना मागाहून काढला तर चालेल का? अँटेना कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पोफळींना बांधू, असं भाऊ म्हणतो. आई म्हणते, आकाशातली वीज घरात ओढून आणू नकोस, आणि त्या लहरी अंगाला बऱ्या नव्हेत. काकांचा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं ओळखनाव, मला मिळेल का? सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षिका, सावईवेरे

उत्तर

पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण घाईचा एकच आहे. सेट चालू करून बघू का? नको. आज नको, आणि एकटीने तर कधीच नको.

आधी हे का म्हणतो ते सांगतो. एफटी-१०१ हा सत्तरच्या दशकातला सेट. त्यात ट्रान्झिस्टर आहेतच, पण शेवटच्या टप्प्याला, म्हणजे अँटेनाकडे ताकद पाठवणाऱ्या भागात, काचेचे व्हॉल्व आहेत. त्या व्हॉल्वना सहाशे व्होल्टच्या आसपास डीसी लागतं. घरातल्या २३० व्होल्टचा झटकाही जीव घेऊ शकतो. सहाशे व्होल्ट डीसी, तेही मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साठलेलं, पुष्कळदा दुसरी संधी देत नाही. तो साठा हळूहळू रिकामा करायला आत रेझिस्टर असतात खरे, पण पन्नास वर्षांत तेही तुटतात. तेव्हा प्लग काढलेला असला तरी वरची जाळी उघडून आत बोट घालायचं नाही. नुकताच वीज लावून काढलेला सेट असेल तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट खास तारवट्यांच्या घरची. काकांनी तो सेट बहुधा बाहेरच्या एखाद्या बंदरात घेतला असणार. या सेटच्या ट्रान्सफॉर्मरला १०० पासून २३४ व्होल्टपर्यंत वेगवेगळे टॅप, म्हणजे जोडणीच्या जागा, असतात. घेतला त्या देशात ११७ वर जोडलेला असेल आणि काका इथे तो वेगळ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत असतील, तर तुम्ही थेट भिंतीतल्या सॉकेटला लावल्यावर पहिल्या काही सेकंदांतच धूर निघेल. माळ्यावर त्या सेटच्या शेजारी एखादा जड, चौकोनी, दोन सॉकेटवाला लोखंडी डबा सापडतो का, बघा. सापडला तर माझा अंदाज बरोबर.

तिसरं, जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्याने ते आतून सुकतात. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर गळतात, फुगतात, फुटतातही. म्हणून जाणकार माणूस असा सेट आधी उघडून तपासतो, मेन्सची कॉर्ड बदलतो, शंकास्पद कपॅसिटर काढतो आणि मग व्हेरिअॅकवर (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा सिरीजमध्ये बल्ब लावून सावकाश उठवतो. हे काम शिकण्यासारखं आहे. पण पहिलं काम म्हणून नव्हे.

आता कायदा. आपल्याकडे परवान्याशिवाय ट्रान्समीटर चालवणंच नाही, नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून हे असंच चालत आलंय. काकांचा परवाना त्यांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. वारसाहक्काने घर मिळतं, कुळागर मिळतं, रेडिओचा परवाना मिळत नाही. कॉलसाइनचंही तेच. काकांचा कॉलसाइन तुम्ही हवेवर उच्चारायचा नाही. परीक्षा पास झालात की तुमचा स्वतःचा मिळेल. म्हणून परवाना मागाहून काढू, हा विचार सोडा. सेटचं काय करायचं? ओळखीतल्या किंवा ओळखीच्या ओळखीतल्या परवानाधारक हॅमकडे लेखी नोंद करून सांभाळायला द्या. तोच माणूस पुढे तुमचा गुरू होण्याची शक्यता जास्त, कारण एफटी-१०१ घरी आला म्हटल्यावर आनंद न होणारा हॅम मी अजून पाहिलेला नाही. मोर्सची की आणि कार्डांचा डबा घरीच ठेवा. त्यांना परवाना लागत नाही.

हेच कारण ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हँडसेटलाही लागू आहे, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या वर्गातला एखादा मुलगा उद्या तो घेऊन येईल. परवाना, फ्रिक्वेन्सी यांची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या. विकत मिळतं म्हणजे वापरायला मोकळं, असं नसतं. मुलांना खेळायचंच असेल तर ४४६ मेगाहर्ट्झवरचे अर्ध्या वॅटचे संच परवानामुक्त आहेत. बॉक्सवर तसं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्यायचे.

मग सुरुवात कुठून? कानापासून. एक छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ घ्या, फक्त एवढं बघा की त्यावर एसएसबीची, म्हणजे हॅम लोक बोलताना वापरतात त्या पद्धतीची, सोय आहे. सकाळच्या वेळी ७.० मेगाहर्ट्झपासून ७.२ पर्यंत हळूहळू फिरवा. साध्या रेडिओवर तिथे नुसती घरघर ऐकू येते. एसएसबी चालू करून बारीक बटण फिरवलं की घरघरीतून माणसाचा आवाज सुटा होतो. हा बदल पहिल्यांदा कानाला कळतो तेव्हा मजा येते. चार मीटर साधी वायर खिडकीबाहेर सोडली तर पुण्याचा, बेंगळुरूचा, हैदराबादचा माणूस हिंदीत, इंग्रजीत, कधी मराठीतही बोलताना सापडेल. मात्र गडगडाट असेल तेव्हा ती वायरही आत घ्यायची. बहुतेक वेळा विषय हवामान, अँटेना आणि तब्येत. ऐकता ऐकता बोलायची पद्धत आपसूक येते. कोण कधी थांबतो, कॉलसाइन केव्हा द्यायचा, ‘क्यूआरएम’ म्हणजे दुसऱ्याचा अडथळा आणि ‘क्यूआरएन’ म्हणजे विजांचा, वातावरणाचा खडखडाट. परीक्षेच्या पुस्तकात हे सगळं आहे, पण कानाने शिकलेलं जास्त टिकतं.

परीक्षा दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. वयाची अट बारा वर्षं पूर्ण, म्हणजे तुमचे सातवी-आठवीतले विद्यार्थीही बसू शकतात. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. रेडिओची तत्त्वं आणि नियम, एवढंच. तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा ओहमचा नियम आणि रेझोनन्स तुम्हाला नवे नाहीत, नियमांचा भाग तेवढा पाठ करावा लागेल. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावा लागतो. रिस्ट्रिक्टेडचा कॉलसाइन साधारण व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलचा व्हीयू२ ने. माझं मत विचाराल तर आधी रिस्ट्रिक्टेड द्या. एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्हच्या, बँडवर ५० वॅटपर्यंत मुभा मिळते, तेवढ्यात पहिली काही वर्षं सुखाने जातात. पास झाल्यावर परवाना हातात पडायला वेळ लागतो, पोलीस पडताळणी असते, महिने जाऊ शकतात. अर्जात पत्ता लिहिताना जिथे स्टेशन खरंच उभं राहणार तोच लिहा.

मधला हा रिकामा काळ वाया जात नाही, कारण खरं काम याच काळात करायचं आहे. हॅम स्टेशनमध्ये माणसं दगावतात ती पुढच्या चकचकीत डब्यामुळे क्वचितच. दगावतात ती त्याच्या मागच्या तारांमुळे, म्हणजे वीज, अर्थिंग आणि अँटेना. सेट हा सगळ्यात शेवटचा खर्च.

अर्थिंगपासून बघू. आपल्याकडच्या जुन्या चिरेबंदी घरांत वायरिंग टप्प्याटप्प्याने वाढलेलं असतं. आधी दोन खोल्या, मग माडी, मग न्हाणीघर. डिचोली तालुक्यातल्या एका घरी स्टेशनसाठी खोली निवडली, तीन पिनांचा नवाकोरा सॉकेट होता, पांढराशुभ्र. उघडून बघितला तर तिसऱ्या मोठ्या भोकामागच्या स्क्रूला तारच नव्हती. दुसऱ्या खोलीत तार होती, पण ती त्याच सॉकेटच्या न्यूट्रलला जोडलेली. हे दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. बाहेर कुठे न्यूट्रल तुटली की रेडिओची सगळी धातूची पेटी जिवंत होते, आणि हेडफोन लावून, एक हात मायक्रोफोनवर ठेवून बसलेला माणूस तिला सतत चिकटलेला असतो.

म्हणून परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. रेडिओच्या खोलीपर्यंत खरी अर्थ वायर मेन बोर्डापासून आलेली. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, जिचं टेस्ट बटण दाबल्यावर ती खटकन पडते. आणि अर्थचा रेझिस्टन्स मीटर लावून मोजलेला. ‘चांगली आहे हो’ म्हणून सांगितलेला नाही, मोजलेला.

मोजायचं एवढ्यासाठी की आपली जमीन जांभ्याची. चिरा घर बांधायला उत्तम, वीज मुरवायला अगदी कंजूष. पावसात रीडिंग छान येतं, एप्रिल-मेमध्ये तोच खड्डा कोरडा ठणठणीत होतो. आणि वळवाच्या विजा पडतात त्या नेमक्या तेव्हाच. तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी पणजीच्या फ्लॅटवाल्याकडे नाही. कुळागर! पाटाच्या कडेला जिथे बारा महिने ओल असते, रॉड मातीत उतरतो, तिथे अर्थचा खड्डा घ्या. पण तो घराच्या अर्थपासून वेगळा, सुटा ठेवायचा नाही. दोन्ही जाड तांब्याच्या पट्टीने किंवा वायरने जोडायचे. वेगळे ठेवले आणि जवळपास वीज पडली, तर दोन्ही अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि त्या दोन टोकांना जोडणारी एकमेव गोष्ट म्हणजे तुमचा रेडिओ, किंवा तुम्ही. नळाची पाइप, गॅसची नळी यांना अर्थ म्हणून हात लावायचा नाही, हे वायरमनलाही बजावून सांगा.

आता भावाची कल्पना. पोफळींना अँटेना बांधायची कल्पना चांगली आहे, मी तर म्हणेन तुमच्या जागेला तीच योग्य. कारण सावईवेऱ्यासारखं कुळागरातलं घर खाली, डोंगराच्या कुशीत असतं. व्हीएचएफचा, म्हणजे एचएफपेक्षा जास्त फ्रिक्वेन्सीचा, १४४-१४६ मेगाहर्ट्झचा हँडसेट घेतलात तर त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि समोरच्या डोंगराला आपटून थांबतात. मग लोक निराश होतात आणि सेट कपाटात जातो. तुमच्यासाठी चाळीस मीटरचा बँड, म्हणजे सात मेगाहर्ट्झ. तिथे साधी डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाहूंची तार, फार उंच नसलेली, सहा-सात मीटरवर आडवी. तिचा बराचसा सिग्नल सरळ वर जातो, आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, लागून परत खाली येतो आणि चार-पाचशे किलोमीटरच्या टापूत पसरतो. डोंगर मध्ये येतच नाही. दिवसा त्यावर कोल्हापूर, पुणे, मुंबई, बेंगळुरू आरामात होतात.

डायपोलची लांबी काढायला मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी साधारण वीस मीटर, म्हणजे मधोमध कापून दहा-दहा मीटरचे दोन बाहू. प्रत्येक बाहू थोडा जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत येते याचं माप, बघत दोन्ही बाजूंनी सारखं कापत जा. कमी पडलेली तार जोडत बसण्यापेक्षा जास्तीची कापणं सोपं. मध्यभागी एकास एक बलून (फुगा नव्हे, केबल आणि अँटेना यांचा मेळ घालणारा जोड), टोकांना इन्सुलेटर, तिथून पुढे दोरी. पोफळ वाऱ्यावर पुष्कळ झुलते, जून-जुलैच्या वाऱ्यात तर कमरेतून वाकते. दोन झाडांत ताणून बांधलेली तार पहिल्याच वादळात तुटेल. एका टोकाची दोरी छोट्या कप्पीवरून खाली घ्या आणि तिला विटेएवढं वजन टांगा. झाड झुललं की वजन वरखाली होईल, तार शाबूत राहील. दोरी उन्हात न कुजणारी घ्या, बाजारातली स्वस्त नायलॉनची एका उन्हाळ्यात भुगा होते. पाडेल्याला (झाडावर चढून फळं काढणाऱ्याला) आणि कुळागरात काम करणाऱ्या प्रत्येकाला तार कुठून गेली आहे ते दाखवून ठेवा. सुपारी काढायच्या दिवशी सेट बंद, केबल सुटी. आणि खेती-माकडं त्या तारेवर झोके घेणार, हे धरूनच चाला.

पण पोफळीत दोरी टाकण्याआधी एक फेरी मारा. मान वर करून. घरावर येणारी सर्व्हिस वायर कुठून येते, कुळागराच्या वरून ११ केव्हीची लाइन जाते का, ती झाडांत लपली आहे का. अँटेना, तिची दोरी, तिला आधार देणारा बांबू किंवा पाइप, यातलं काहीही तुटून, पडून, वाऱ्याने उडून कुठल्याही दिशेला गेलं तरी विजेच्या तारेला लागता कामा नये. अंतर ठरवायची ओळ एकच: सगळ्यात लांब वस्तूची पूर्ण लांबी, त्याहून वर आणखी काही मीटर. तारेच्या वरून अँटेना न्यायची नाही, खालूनही नाही. बेचकीने दोरी झाडावर मारताना विजेच्या लाइनच्या दिशेने मारायची नाही, ओली दोरी वीज वाहून आणते. लाइनला काळं आवरण दिसलं म्हणून ती सुरक्षित समजू नका. अॅल्युमिनियमचा लांब पाइप उभा करताना तो ११ केव्हीला टेकला, तर धरलेल्या माणसाला हात सोडायलाही वेळ मिळत नाही. जागा अशी मिळतच नसेल तर त्या ठिकाणी अँटेना नाही. दुसरी जागा शोधा, किंवा बाहू वाकवून लहान जागेत बसवा. हा एक मुद्दा असा आहे जिथे मी तडजोड सांगणार नाही.

विमानतळाच्या जवळ राहणाऱ्या वाचकांसाठी एक वाक्य. दाबोळी आणि मोपा दोन्हीकडे उंचीचे निर्बंध आहेत, तेव्हा उंच मास्टचा विचार असेल तर आधी चौकशी. पोफळीतल्या तारेला ही अडचण नाही.

आई म्हणतात ती वीज. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. झाडांच्या उंचीखालची तार आकाशातली वीज ‘ओढून’ आणत नाही. पण शेजारच्या माडावर पडली, तरी त्या वीस मीटर तारेत एवढा दाब उठतो की केबलमधून तो सरळ तुमच्या टेबलावर येतो. थेट पडलेली वीज कुठलाही अरेस्टर, म्हणजे विजेचा दाब अर्थकडे वळवणारा भाग, थोपवत नाही, जाहिरात काहीही म्हणो. अरेस्टर जवळपासच्या धक्क्यांसाठी, आणि तोसुद्धा अर्थ चांगली असेल तरच. उपाय जुना आणि फुकटचा आहे. केबल भिंतीतून थेट रेडिओत आणू नका. खिडकीबाहेर एक छोटी धातूची पट्टी बसवा, ती अर्थला जोडलेली, आणि केबलचा जोड त्या पट्टीवर घ्या. बोलणं संपलं की आतली केबल काढायची आणि बाहेरच्या केबलचं तोंड बाहेरच ठेवायचं. सेटचा प्लगही भिंतीतून काढायचा. वापरत नसताना जोडलेली अँटेना ही सवयच लागू द्यायची नाही.

आपल्याकडे जोखमीचे दोन हंगाम. एप्रिल-मेमध्ये घाटावरून दुपारी उतरणारे ढग, आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरच्या संध्याकाळी. भर पावसाळ्यात पाऊस जास्त, विजा त्यामानाने कमी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पण त्या वेळी केबल काढायला उठायचं नाही. तेव्हा उशीर झालेला असतो आणि हातात तीच केबल असते. दुपारी डोंगराकडे काळोख दिसला की आधीच काढायची. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनवर ठेवा, जवळपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

पावसाने होणारं नुकसान मात्र विजेपेक्षा जास्त नेमाने होतं. केबलचे उघड्यावरचे जोड आधी एकमेकांत वितळून चिकटणाऱ्या रबरी टेपने आणि वरून साध्या टेपने गुंडाळा, आणि जोडाच्या खाली केबलला एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. एका पावसाळ्यानंतर उघडलेला पीएल-२५९ कनेक्टर मला आठवतो. आतली पिन हिरवी, जाळी काळी पडून हाताला भुकटी लागत होती, आणि केबल उलटी धरल्यावर आतून पाण्याचा थेंब पडला. मालक वर्षभर सेटला दोष देत होता. सात मेगाहर्ट्झवर वीस मीटर आरजी-५८ (बारीक केबल) चालून जाते. पुढे व्हीएचएफवर गेलात तर तेवढ्याच लांबीत अर्ध्याहून जास्त ताकद केबलच खाते, तिथे जाड आरजी-२१३ लागेल.

सेट घ्यायची वेळ येईल तेव्हा पहिला सेट म्हणून १३.८ व्होल्टवर चालणारा साधा, ट्रान्झिस्टरवाला एचएफ घ्या. आत जीवघेणं व्होल्टेज नाही. पण कमी व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, असं नाही. पन्नास वॅट देताना तो दहा-बारा अँपिअर ओढतो, बारीक वायर तापून वितळते. बॅटरीवर चालवणार असाल, आणि तौक्तेच्या आठवणीने तुम्ही चालवणारच, तर फ्यूज रेडिओजवळ नाही, बॅटरीच्या टर्मिनलपाशी लावा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर आडवा पडलेला पाना लाल होतो आणि त्यावर हातातली बांगडी टेकली तर ती मनगटातच तापते. बॅटरीचं काम करताना बांगड्या, अंगठी काढून. इन्व्हर्टरची अॅसिडवाली बॅटरी बंद कपाटात ठेवू नका, तिच्यातून हायड्रोजन येतो. पहिल्यांदा बोलण्याआधी अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा डमी लोड, म्हणजे ताकद हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर, लावून बघा. एसडब्ल्यूआर मीटर उसना मिळाला तरी चालतो.

तौक्तेवरून आठवलं. वादळात उपयोगी पडायचंय हा विचार चांगला, पण त्या दिवशी सेट पहिल्यांदा उघडणाऱ्याचा काही उपयोग होत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानमधून हॅम लोकांनी निरोप पोचवले, कारण ते आधीच तिथे अँटेना लावून रोज हवेवर होते. रोजच्या गप्पा हाच सराव. वादळ चालू असताना मात्र कुळागरात अँटेना दुरुस्त करायला जायचं नाही, आणि नंतर जमिनीवर पडलेली कुठलीही तार आपलीच असेल असं धरून उचलायची नाही. वीज खात्याच्या माणसाने ‘मेली आहे’ सांगितल्यावरच.

राहिला आईंचा लहरींचा प्रश्न. ही क्ष-किरणांसारखी अणू फोडणारी ऊर्जा नाही. तिचा परिणाम म्हणजे उष्णता, आणि तोही अँटेनाच्या अगदी जवळ. पन्नास वॅटवर, घरापासून दूर आणि डोक्यावरून सहा-सात मीटर उंच गेलेल्या तारेखाली सुपारी वेचणाऱ्याला काही होत नाही. पण डायपोलच्या टोकांना, तुम्ही बोलत असताना, शेकडो व्होल्टचा रेडिओ दाब असतो. कुणी हात लावला तर कातडी भाजते, आतून आणि दुखेल अशी. म्हणून टोकं मुलांच्या, गड्यांच्या आणि आकडी घेऊन फिरणाऱ्यांच्या हाताला न लागतील अशी ठेवा आणि पानांनाही टेकू देऊ नका. आईंना हेही सांगा की बटण दाबून बोलताना तेवढ्यापुरतीच अँटेनातून ऊर्जा बाहेर पडते, ऐकताना काहीच नाही. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पट्टे आले तर बहुतेक वेळा त्यांच्या केबलवर एक फेराइटची रिंग चढवून काम भागतं. मात्र त्यांनी तक्रार करायच्या आधी तुम्हीच जाऊन विचारा.